नांगराचा पहारा

सौदीत जुबैलच्या बाहेर वाळवंटात एक हिंदुस्तानी माणूस गाडीच्या मागे जहाजाचा नांगर बांधून ओढत फिरतो आहे, ही बातमी मला दाऊदभाईंनी दिली. दाऊदभाई मूळचे हर्णैचे. इथे त्यांचं दोरखंडांचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. बातमी सांगताना ते हातातलं काम सोडत नाहीत, त्यामुळे त्यांची कुठलीही बातमी खरीच वाटते.

"नांगर माझ्याच दुकानातून घेतलान," ते दोर मोजता मोजता म्हणाले, "आणि माणूस तुमच्याच कंपनीतला आहे. बघून या एकदा. उन्हाचा त्रास झाला असेल तर घरी तरी न्या."

मी मनात म्हटलं, हा आपला कॅप्टन. दुसरा असणार कोण?

शुक्रवारची सकाळ होती. हमरस्ता सोडून थोडं आत गेलो तर खरंच, त्यांची जुनी पांढरी गाडी गोगलगायीच्या चालीने चालली होती, आणि कॅप्टन खिडकीतून अर्धे बाहेर येऊन मागे बघत होते. मागे दोर, दोराला साखळी, साखळीला नांगर. तो थोडा वेळ वाळूवरून खरडत यायचा आणि मग एकदम नाक खुपसून आत जायचा. गाडी गचका खाऊन थांबायची. कॅप्टन खाली उतरून वाळूत गुडघे टेकायचे आणि तो किती आत गेलाय ते हाताने चाचपायचे.

"पाय राजा," मला बघून त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "आखूड दोर ठेवला का हा उचकून बाहेर येते. लांब सोडला का गाडते. पुस्तकात हेच लिहिलं आहे, पन पुस्तकावर कोन भरोसा ठेवते?"

एवढ्यात पोलिसांची गाडी आली. आतला तरुण पोलीस बराच वेळ नांगराकडे बघत राहिला, मग त्याने विचारलं हे काय. कॅप्टन पंचवीसेक वर्षं सौदीत होते, पण त्यांची अरबी वीस-एक शब्दांच्या पुढे कधी सरकली नव्हती. ते म्हणाले, "मरकब, मरकब," म्हणजे बोट. पोलिसाने चारी दिशांना पाहिलं आणि समुद्र कुठे आहे असं विचारलं. कॅप्टननी शांतपणे पूर्वेकडे बोट दाखवलं. पोलिसाला हसू आवरेना. "यल्ला" म्हणून त्याने आम्हाला जाऊ दिलं, आणि जाता जाता तोही उतरून नांगर किती घट्ट बसलाय ते एकदा ओढून बघून गेला.

हा माणूस अकोल्याकडचा. घरी कोरडवाहू कापसाची शेती, आणि शहरातल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला आले तेव्हा. पोहता अजिबात येत नव्हतं. म्हणून बोटीवर जायच्या दिवशी ते लाइफ जॅकेट घरातूनच घालून निघत. लिफ्टमध्ये जॅकेट, पेट्रोल पंपावर जॅकेट. आमच्या इमारतीतली लहान मुलं त्यांना बघितलं की सलाम ठोकायची. कॅप्टन हे नाव त्या मुलांनीच ठेवलं, आणि मग ते प्लँटमध्येही गेलं.

प्लँटमध्ये ते कंट्रोल रूमचे शिफ्ट सुपरवायझर होते आणि मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. जन्मभर त्यांनी शिफ्टच केली होती. पडद्यावरचे आकडे कितीही शहाण्यासारखे वागत असले तरी ते खुर्ची सोडायचे नाहीत. नवीन पोरांना त्यांचं एकच सांगणं असायचं, "पायत राय. मशीनले कळते, आपल्याकडं कोनी पायत नाही." मला ते भल्या पहाटे फोन करत, "तुह्या त्या व्हॉल्व्हचं लक्षण मले बरं दिसत नाही." मी झोपेतून उठून, चरफडत प्लँटवर जायचो आणि बहुतेक वेळा काहीही निघायचं नाही. मी तसं सांगितलं की त्यांना अतिशय आनंद व्हायचा. काही निघालं नाही, याच्यासारखी चांगली बातमी नाही, असं ते म्हणायचे आणि मला चहा पाजायचे. माझी झोप गेली ती गेलीच.

झोपेचं त्यांचं एक निराळंच प्रकरण होतं. दिवसा झोपता यावं म्हणून इथले शिफ्टवाले खिडक्यांना आतून चंदेरी फॉइल चिकटवतात. कॅप्टनच्या फ्लॅटमध्ये ती स्वयंपाकघराच्या खिडकीलाही होती. एकदा सुट्टीवर अकोल्याला गेले तेव्हा त्यांनी तिथल्या बेडरूमच्या खिडक्याही फॉइलने मढवल्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दुसऱ्या दिवशी ती सगळी फाडून काढली आणि तिच्यात शेजारच्या लग्नाचे लाडू बांधून दिले. हे आम्हाला त्यांनी स्वतःच सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की माझी बायको मेधा नंतर म्हणाली, "या माणसाला बायकोची फार आठवण येते."

येतच असणार. लग्न झाल्यापासून काकू अकोल्याला आणि हे सौदीत. वर्षाला एक महिना काय तो एकत्र. आधी मुलाची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण. अंथरुणाला खिळलेल्या सासूला टाकून त्या येणार कशा, आणि नोकरी टाकून हे जाणार कसे? यात कुणाचं काही चुकलं असं मला कधीच म्हणता आलं नाही, आणि म्हणूनच त्याचं जास्त वाईट वाटतं.

बोट त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्याकडून घेतली होती. लहानशी शिडाची बोट, खाली दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी खोली. कॅप्टन तिला बोट म्हणायचे नाहीत, गाडी म्हणायचे. "गाडीले रंग द्यायचा आहे," "गाडी जरा डाव्या अंगानं चालून रायली." ते शिकले सगळं पुस्तकांतून, मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आणि स्वतःच्या चुकांतून. चुका आमच्यासमोर व्हायच्या. पहिल्यांदा आम्हाला घेऊन निघाले तेव्हा बंदराच्या तोंडातच आम्ही तीनदा गोल फिरलो. आमची ईरा इंग्रजी शाळेतली. तिने माझ्या कानाशी विचारलं, "पापा, अंकल को आता है ना?" मी म्हटलं, येतं. दाऊदभाईही एकदा आले होते. त्यांच्या वाडवडिलांचे मचवे होते हर्णैला, पण यांना पाणी हललं की पोट ढवळायचं. अकोल्याचा माणूस सुकाणूवर आणि हर्णैचा माणूस बादलीत डोकं घालून, असं ते दृश्य मेधाने फोटोत धरून ठेवलं आहे.

मात्र नांगर टाकायची वेळ आली की हाच माणूस वेगळा व्हायचा. जुबैलच्या वरच्या अंगाला एक छोटी खाडी आहे. किनाऱ्यावर कोळ्यांची थोडी घरं, एक मशीद, एक पाण्याची टाकी, उथळ पाण्यात तिवरांची झुडपं. मासेमारीच्या लाँचेस बहुतेक तमिळ खलाशी चालवतात. तारेचे घुमटासारखे पिंजरे रचून ठेवलेले असतात. तिथे पोचलं की कॅप्टन शीड उतरवायचे, वाऱ्याकडे तोंड करून गाडी थांबवायचे आणि नांगर हळूच, दोन्ही हातांनी पाण्यात सोडायचे. फेकायचे कधीच नाहीत. मग दोर सोडत राहायचे, पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट. मग दोरावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. नांगर घसरत असला तर दोर थरथरतो, धरला असला तर गप्प राहतो. त्यानंतर मशिदीचा मिनार आणि पाण्याची टाकी एका रेषेत कुठे दिसतात ते ठरवायचे आणि दर थोड्या वेळाने ती रेष तपासायचे; रेष मोडली तर गाडी सरकली. जेवताना, बोलताना, अगदी ईराच्या कोड्याचं उत्तर देतानाही त्यांचा एक डोळा मिनारावर.

बोटीवर त्यांचा एक नियम होता. चालत्या गाडीत महत्त्वाचं काही बोलायचं नाही. एकदा मी शीड वर असताना बढतीचं काहीतरी विचारायला गेलो, तर म्हणाले, "नांगर टाकू दे. मंग बोल." नांगर टाकल्यावर मात्र त्यांनी तासभर माझं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की घरात माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो, ऑफिसात फोन येतो, रस्त्यात सिग्नल सुटतो. "नांगर टाकला का कोनालेच कुठी जायचं नसते. मंग माणूस खरं बोलते."

पण दिवस मावळायच्या आत परत फिरावं लागायचं. निघताना किनाऱ्यावरच्या चौकीत इकामा, म्हणजे इथला रहिवासी परवाना, दाखवून नोंद करायची, आणि अंधाराच्या आत परतल्याची नोंद करायची. रात्री मुक्काम करायचा तर त्याची वेगळी परवानगी लागते. कॅप्टन इतकी वर्षं त्या खाडीत दुपारपर्यंत थांबून परत यायचे. परत येताना ते मागे बघायचे आणि म्हणायचे, "एकदा इथं रात्र काढली पायजे."

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काकू पहिल्यांदा सौदीत आल्या, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. कॅप्टननी खिडक्यांवरची सगळी फॉइल काढली आणि काचा स्वतः पुसल्या. नवी गादी आणली, तुळशीची कुंडी आणली, तीन वेगवेगळे पोळपाट आणले, कारण काकूंना कुठला आवडेल ते ठरवता येईना. एका दुपारी मला कंट्रोल रूमबाहेर गाठून म्हणाले, "मले तिले एक विचारायचं आहे. इथंच राय म्हनून. नोकरीची अजून चार-पाच वर्षं आहेत. हो म्हनली तर फॅमिली इकाम्याचे कागद टाकतो."

"मग विचारा ना. घरातच तर आहेत."

"घरात नाही. घरात ती सारखी काही ना काही करत असते. पोळी लाटता लाटता हो म्हनून टाकीन, नाहीतर नाही म्हनून टाकीन. मले तसं नाही पायजे. मी तिले सांगून ठेवलं आहे, नांगर टाकल्यावर एक गोष्ट विचारायची आहे."

एका रात्रीच्या परवानगीसाठी ते किती खेटे घालत होते ते मी बघत होतो. कधी हा शिक्का, कधी तो फोटो. ती मिळाली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या शिफ्टला खजूर वाटले. कशाबद्दल ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी आम्ही त्यांना निरोप द्यायला बंदरावर गेलो. काकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. साडीवर केशरी लाइफ जॅकेट घालून त्या धक्क्यावर उभ्या होत्या. मेधाला म्हणाल्या, "पाय बाई, अकोल्यात हंडाभर पान्यासाठी भांडली मी जन्मभर. आता यायनं एवढ्या पान्यात आणून उभी केली, अन् त्यातलं घोटभर पिता येत नाही." तरी बोटीत उतरताना त्यांनी कॅप्टनच्या दंडाला धरलं ते सोडलं नाही. दोघांना तसं जाताना पाहून मला फार बरं वाटलं होतं. ते अजून आठवतं, आणि आठवलं की बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीने त्या खाडीवर गेलो. ठरलंच होतं तसं. परतीला वारा समोरून असणार, म्हणून काकूंनी मेधाबरोबर गाडीने यायचं आणि मी कॅप्टनबरोबर बोटीने. मेधाला गाडी चालवताना बघणं हे काकूंना समुद्रापेक्षा जास्त धाडसाचं वाटत होतं.

खाडी अगदी शांत होती. बोट जागच्या जागी उभी होती. एका लहान होडीवाल्याने काकूंना किनाऱ्यावर आणून सोडलं आणि मला बोटीवर नेलं. कॅप्टनचे डोळे तांबारले होते, पण चेहऱ्यावर सणाचा आनंद.

"इंचभर नाही हालली गाडी," ते म्हणाले. "रात्री शमालचा वारा सुटला होता थोडा. मिनार अन् टाकी, दोन्हीवर दिवे होते. रातभर पहारा दिला आम्ही दोघांनी. शिफ्टमधी."

"दोघांनी?"

"मंग? मी म्हनलं मी एकटाच जागतो, तर ती म्हने, तुम्ही निजा थोडं, मी पायते. मंग तिले शिकवलं दोन दिवे कसे पायचे ते. रीतसर चार्ज देला-घेतला. पहिले मी, मंग ती, मंग परत मी उजाडेपर्यंत. चांगली बसली, राजा. आपल्या पोट्ट्यांपेक्षा चांगली."

मी विचारलं, "आणि ते विचारलंत का?"

त्यांनी नांगराचा दोर ओढायला घेतला. "जेवल्यावर विचारनार होतो. तर वारा सुटला, मी पुढं जाऊन दोर पायत बसलो. म्हनलं वारा पडला का विचारू. वारा पडला तोवर तिच्या शिफ्टची वेळ झाली. अन् तिची शिफ्ट संपल्यावर ती खाली जाऊन अशी निजली म्हनतो, अशी गाढ. तिले झोप कुठं आहे, सांग? पंधरा वर्षं माह्या मायच्या उशाशी बसून काढली तिनं. रातीतून चार-चारदा उठायची. मी दारातून पाह्यलं अन् परत वर आलो. उठवू कसं?"

"मग आता?"

"विचारतो न. महिना आहे अजून."

हे मला तेव्हा त्यांच्या स्वभावाला धरूनच वाटलं. मी त्यांची थट्टाही केली, की बायकोला शिफ्ट लावणारा माणूस अख्ख्या जुबैलमध्ये हाच. त्यांना ती थट्टा आवडली. नांगर चिखलाने माखून वर आला. त्याला त्यांनी बादलीभर पाण्याने धुतलं आणि फडक्याने पुसून जागेवर ठेवलं.

घरी आल्यावर ईरा शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली तेव्हा मेधाने मला गॅलरीत बोलावलं आणि गाडीत काय झालं ते सांगितलं.

मेधाने सहज विचारलं होतं, काकू, झोप लागली का? त्यावर काकू म्हणाल्या, "कुठची झोप, बाई. डोळे मिटून पडली होती. म्हनलं आता खाली येतील, मंग विचारतील. पायऱ्यांवर आले, उभे रायले, अन् परत वर गेले. मी डोळे उघडले तोवर पाय दिसले फक्त."

"काय विचारणार होते?" मेधाने माहीत नसल्यासारखं विचारलं.

"रायतीस का म्हनून. मले माहीत नाही का? तीन-तीन पोळपाट आनले आहेत. मी हो म्हननार होती. सासूबाई होत्या तोवर मी हलली नाही. पोरगं बंगलोरले गेलं. आता तिथं कोनाले धरून राहू?"

"मग तुम्हीच सांगा ना काकांना."

"मी काऊन सांगू? लग्नापासून यायनं मले काही विचारलं नाही. सौदीले जातो म्हनले तेव्हाबी सांगितलं, विचारलं नाही. आता एकदा विचारतो म्हनले, तर मी वाट पायली." मग म्हणाल्या, "जाऊ दे. रातभर त्या नांगराकडं पायत बसले. एकट्याची सवय झाली असन त्यायले. मी आली तर अडचनच होईल, असं वाटलं असन."

मेधा म्हणाली तसं काही नाही, मी बोलते काकांशी. तर काकूंनी चालत्या गाडीत तिचा हात धरला. "शपथ आहे तुले. कोनाच्या सांगन्यावरून विचारलेलं मले नाही पायजे."

शपथ मेधाने पाळली, पण तिला राहवतही नव्हतं. दोन दिवसांनी कॅप्टन भेटले तेव्हा ती म्हणाली, "काका, काकूंना जे विचारायचंय ते विचारून टाका हो लवकर." मीही दोनदा म्हटलं. ते दर वेळी हो म्हणाले. त्याच आठवड्यात प्लँटमध्ये मोठा बिघाड झाला आणि सगळं शटडाऊनमध्ये गेलं. कॅप्टन सकाळी जायचे ते दुसऱ्या सकाळी यायचे. घरी येऊन बसल्या जागी झोपायचे. काकू त्यांच्या अंगावर पांघरूण घालायच्या आणि दिवा बंद करायच्या. परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. दम्मामच्या विमानतळावर ते प्लँटवरून थेट, निळ्या कपड्यांतच आले. काकूंची बॅग उचलून ठेवली, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "पोचली का फोन कर." काकू हो म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

परतताना गाडीत ते मला म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात परत परवानगी काढतो. आता तिची पान्याची भीती गेली. या खेपेला वारा नसला पायजे फक्त."

तो हिवाळा आलाच नाही. म्हणजे इकडे आला, पण काकू श्रावणातच गेल्या. सकाळी देवपूजा करताना डोकं दुखतं म्हणून आडव्या झाल्या, आणि शेजारची मंडळी डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. कॅप्टन मिळेल त्या विमानाने गेले. मुलाने अंत्यसंस्कारासाठी त्यांची वाट पाहिली होती, एवढंच.

तेरावा झाल्यावर ते परत आले ते राजीनामा देण्यासाठीच. बोट एका फिलिपिनो तंत्रज्ञाला विकली. विकताना त्याला दोन सकाळी खाडीत नेऊन मिनार आणि टाकी दाखवून आले. खिडक्यांवर मात्र पुन्हा फॉइल लावली नाही. लख्ख उजेडातच झोपतात म्हणून मी एकदा ईराच्या खोलीचे जुने पडदे नेऊन दिले, तर ते घडी करून तसेच ठेवले होते.

फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जाण्याचा, शिक्का बसला त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले. मेधाने ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या. दाऊदभाईंनी निरोपाची म्हणून मोठी सुरमई पाठवली होती, पण कॅप्टनचं तेव्हा महिनाभर मांसाहार न करण्याचं व्रत होतं, म्हणून ती आम्ही फ्रीजमध्येच ठेवली. जेवता जेवता ते अकोल्याच्या घराबद्दल बोलत होते, छत गळतं, नळाची लाइन बदलायची आहे. बोलता बोलता थांबले.

"त्या रात्रीचं सांगतो तुम्हाले," ते म्हणाले. "तिच्या शिफ्टले मी खाली निजलो नव्हतो. जागाच होतो. वर तिच्या बांगड्या वाजत होत्या. लय वाटलं, वर जाऊन तिच्यापाशी बसावं. विचारावं. पन म्हनलं, मी वर गेलो तर तिले वाटीन, माह्यावर भरोसा नाही यायचा. पहिल्यांदा तिले काही सोपवलं होतं. म्हनून पडून रायलो."

मेधा तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती. माझ्या डोळ्यांपुढे ती बोट आली. वर एक माणूस जागं, खाली एक माणूस जागं, आणि मध्ये लाकडाची एक फळी. दोघंही एकमेकांची झोप सांभाळत होती. काकू हो म्हणणार होत्या हे या माणसाला कधीच कळणार नव्हतं, आणि सांगायचं कसं तेही मला कळत नव्हतं. सांगून त्यांच्या हाती काय लागलं असतं? मला त्या क्षणी काकूंचा राग आला, कॅप्टनचाही आला, आणि दोघांचीही तितकीच माया आली.

कॅप्टननी मेधाकडे पाहिलं. "मेधा, तू तिच्यासंग गाडीत आली होतीस. काही म्हनली काय ती? झोप तरी लागली होती न तिले?"

मेधाने गॅस बंद केला. ती वळली तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता.

"हो काका. म्हणाल्या, कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती."

त्यांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडून तो पिठल्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच हातात धरून ठेवला.

"मंग बरं केलं मी," ते म्हणाले. "उठवलं नाही."